थांब्याचं घड्याळ कधी सुरू करायचं?

वाचकाचं पत्र

आम्ही सात जण अडीच महिन्यांनी आठ दिवसांच्या लांब पायी ट्रेकला निघणार आहोत. रोज १५-१६ किलोमीटर, सगळं सामान पाठीवर, वाटेत वस्ती जवळजवळ नाही. गेल्या रविवारी सरावासाठी १८ किलोमीटर चाललो. मी सुरुवातीपासून मागे. बाकीचे पुढे जाऊन थांबायचे आणि मी पोचले की “चला” म्हणत उठायचे. दुपारी टाच चुरचुरायला लागली, पण आधीच माझ्यामुळे उशीर होतोय म्हणून बोलले नाही. घरी येऊन बूट काढला तर फोड फुटून मोजा चिकटलेला. शेवटच्या टप्प्यात मला रडू आलं. आमची लीडर माझी जुनी मैत्रीण आहे. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “अगं, दर वेळी तुझ्यासाठी थांबावं लागतंय. जरा नेट लाव!” मी ४१ वर्षांची, वजन ५५ किलो, आठवड्यातून तीन दिवस तासभर चालते. सगळ्यांचा विरस होण्यापेक्षा नाव काढून घेऊ का? आणि जायचंच असेल तर इतक्या दिवसांत वेग कसा वाढवू?

उत्तर

नाव काढून घेऊ नका, निदान आज तरी नाही. रविवारी जे झालं त्यात वेगाचा वाटा तुम्हाला वाटतो त्याहून बराच कमी आहे. आधी तेवढा हिशेब मांडू.

समजा बाकीचे ताशी साडेचार किलोमीटरनं चालले आणि तुम्ही ताशी चारनं. १८ किलोमीटरना त्यांना चार तास लागले, तुम्हाला साडेचार. दिवसभराचा फरक अर्ध्या तासाचा. तासाभरानं एक थांबा धरला तर दर थांब्याला तुम्ही सात-आठ मिनिटं मागे होता. ती सात-आठ मिनिटं बाकीच्यांनी बसून काढली. सॅक उतरवली, पाणी प्यायले, काहीतरी खाल्लं, बुटातला खडा काढला. तुम्ही पोचलात आणि ते उठले. दिवस संपेपर्यंत त्यांना जवळपास अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली होती आणि तुम्हाला शून्य. तुम्ही पाणीही चालता चालताच प्यायला असाल आणि खाणं बहुधा राहूनच गेलं असेल. तिसऱ्या तासानंतर जे अंतर दिसायला लागतं ते नुसत्या दमाचं राहत नाही. त्यात तहान, भूक, सैल झालेली नाडी आणि “मी नको तिथे आले” हे मनावरचं ओझं, सगळं मिसळतं. पुढच्यांना मात्र एवढंच दिसतं की ही हळू आहे.

यावरचा नियम सोपा आहे आणि तो गटानं पाळायचा आहे, तुम्ही एकटीनं नव्हे: शेवटच्या माणसानं सॅक खाली ठेवली की मगच थांब्याचं घड्याळ सुरू करायचं. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा. पुढचे आधी पाच मिनिटं बसलेत का, हा प्रश्नच नाही. दहा मिनिटांहून लांब थांबा घेऊ नये, कारण अंगावरचा घाम गार होतो, पोटऱ्या आखडतात आणि पुन्हा लय धरायला वेळ लागतो. पुढच्यांना थंडी वाजत असेल तर त्यांनी बसल्याबरोबर एक जाकीट अंगावर घ्यावं. दिवसाचा पहिला थांबा मात्र निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच हवा. तोवर अंग तापलेलं असतं, एक कपडा कमी करायचा असतो, नाड्या पुन्हा बांधायच्या असतात. या पहिल्या थांब्याला बरेच गट फाटा देतात आणि मग पुढचा तासभर एकेक जण “एक मिनिट हं” करत रांग तोडत राहतो.

दुसरी गोष्ट रांगेतल्या जागेची. तुम्ही शेवटी चालताय, ही रचनेतली चूक आहे. सर्वांत सावकाश चालणाऱ्यानं लीडच्या, म्हणजे सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या, लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर चालायचं असतं. लांब रांगेत पुढच्याच्या चालीतला छोटा बदल मागे जाताना वाढत जातो. पुढचा माणूस ओढ्याशी दोन मिनिटं रेंगाळला की शेवटच्याला त्याहून जास्त वेळ उभं राहावं लागतं आणि नंतर अंतर भरून काढायला धावपळ करावी लागते. ज्याचा दम सर्वांत कमी, त्यालाच ही ओढाताण पेलायला लावणं चूक आहे. दुसऱ्या जागेवर असलं की चाल एकसारखी मिळते आणि लीडला मागून तुमचा श्वास ऐकू येतो. चालीचं मापही तेच ठेवायचं: दुसऱ्या क्रमांकावरच्या व्यक्तीला चढावर धाप न लागता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांत बोलावं लागत असेल तर लीड वेगानं चालतोय. शेवटी, म्हणजे बॅकलीडला, वाट माहीत असलेला दमदार माणूस हवा आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे हवी, कारण अडचण आलेला माणूस मागे पडतो, पुढे जात नाही. वाटेला फाटा फुटला की सातही डोकी मोजल्याशिवाय कुणी पुढे सरकायचं नाही.

अंतराचा अंदाज कागदावर आधीच बांधलेला असला की “हिच्यामुळे उशीर” ही भाषाच उरत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही वापरात आहे. आजच्या मापात तो असा: सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. १६ किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर ४ तास १२ मिनिटं. हा आकडा हलकं सामान घेतलेल्या, न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. पाठीवर भार, थांबे आणि सात माणसं धरून तो दीडपट करा, म्हणजे सुमारे सव्वासहा तास होतात. त्यात जेवणाचे पाऊण तास मिळवा. सकाळी सातला निघालात तर दुपारी दोनपर्यंत मुक्काम. असं असताना तुमचा अर्धा तास हा संकटाचा विषय नाही, तो योजनेत आधीच धरलेला असतो. उशीर होतोय असं सगळ्यांना वाटत असेल तर बहुतेक वेळा निघायची वेळ किंवा अंदाज चुकलेला असतो.

आता तुमच्या बाजूचं. लांबच्या ट्रेकमध्ये माणूस वाढतो तो कशात, असं विचाराल तर आमच्या मते सर्वांत आधी एका सवयीत: त्रास लहान असतानाच तो बोलून दाखवणं. दम आठवड्यागणिक वाढतो, पायही घट्ट होतात. पण “थांबा, माझी टाच चुरचुरतेय” हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत उच्चारायला जे धैर्य लागतं ते वेगळंच आहे, आणि ते न दाखवता आलेले भले भले दमदार लोकही तिसऱ्या दिवशी लंगडत असतात. रविवारी तुम्ही गप्प राहिलात ते इतरांचा वेळ वाचावा म्हणून. त्याचा हिशेब पाहा. टाच चुरचुरायला लागल्यावर थांबून पट्टी लावायला पाच मिनिटं लागतात. फोड फुटल्यावर माणूस ताशी चारऐवजी तीन किलोमीटरनं चालतो आणि १६ किलोमीटरची चार तासांची चाल पाच तास वीस मिनिटांवर जाते, आणि तीही त्या एका दिवसापुरती नाही. आठ दिवसांच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी गप्प बसलेला माणूस उरलेले सहा दिवस सगळ्यांना भारी पडतो.

फोड येतो तो त्वचेचे थर एकमेकांवर घासले जाऊन. घामानं ओली झालेली, तापलेली त्वचा लवकर सुटते. त्याआधी काही वेळ तिथे जळजळ होते, जागा लाल दिसते. हीच बोलायची वेळ. बूट-मोजा काढा, मोजा झटका, पाय पूर्ण कोरडा करा. मग कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा आणि तिचे कोपरे आधी कात्रीनं गोल करून घ्या. कोपरा टोकदार राहिला की तिथूनच पट्टी उचलली जाते आणि गोळा होऊन नवा फोड आणते. पट्टी ओल्या त्वचेवर टिकत नाही, म्हणून घाई करू नका. फोड आलाच आणि लहान, न दुखणारा असेल तर फोडू नका. त्याभोवती मऊ पॅडची कडी करून दाब काढा. ताणलेला असेल आणि चालायचंच असेल तर हात आणि जागा धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला खालच्या बाजूनं टोचून पाणी काढा, वरची कातडी मात्र तशीच राहू द्या, कारण तीच सर्वांत चांगलं आवरण असते. वर न चिकटणारी पट्टी बांधा. रोज संध्याकाळी पाहा. लाली पसरतेय, पू दिसतोय, जागा गरम लागतेय, ताप आहे, यातलं काही असेल तर डॉक्टर गाठायचा. मधुमेह असणाऱ्यांनी फोडाला घरगुती सुई लावूच नये.

तुमचा फोड टाचेला आला, म्हणजे चढावर टाच बुटात उचलली जातेय. वरच्या दोन भोकांमधून नाडी त्याच बाजूला ओवून छोटा फासा ठेवा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फाशातून घेऊन मागे ओढा, मग गाठ मारा. टाच जागेवर बसते. तरीही उचलली जात असेल तर बूटच सैल आहे. फोड बोटांच्या टोकांना येत असते तर कारण उलटं असतं: उतारावर पाय पुढे घसरतोय, नखं वाढलेली आहेत किंवा बूट अखूड आहे. दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी, जाड मोजे घालूनच पाहावेत आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवावी. ट्रेकला नवे बूट नेऊ नयेत. आधी त्यांवर निदान ५०-६० किलोमीटर झालेले असावेत.

लवकर बोलण्याचं ओझं एकट्या बोलणाऱ्यावर टाकणं मात्र बरोबर नाही. थांब्यावर लीड विचारतो, “सगळे ठीक?” आणि सगळे “हो” म्हणतात. या प्रश्नाला दुसरं उत्तर मिळतच नाही. त्याऐवजी दर थांब्याला सर्वांत अनुभवी माणसानं आधी स्वतःचं सांगायचं: “डाव्या गुडघ्याचं दुखणं दहापैकी तीन, पाणी अर्धा लिटर संपलं.” मग एकेकानं नावानिशी. चार किंवा त्याहून मोठा आकडा आला की तिथेच इलाज करायचा, पुढच्या थांब्याची वाट पाहायची नाही. दोन मिनिटांचं काम आहे. अनुभवी माणसानं सुरुवात केली की गुडघा दुखणं ही कमीपणाची गोष्ट राहत नाही, वाट अडलीय किंवा ढग आलेत इतकीच साधी माहिती होते. तुमच्या मैत्रिणीनं एवढा एक बदल केला तरी सात जणांचा गट वेगळा वागायला लागेल.

पाण्याचंही असंच. मध्यम हवेत चालताना तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त लागतं. तहानेप्रमाणे प्या. लघवी गडद पिवळी झाली की कमी पडतंय. नुसतं पाणी भराभर पिणंही धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशी त्याची सुरुवात असते. म्हणून सोबत काहीतरी खारट खाणं किंवा जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. बऱ्याच बायका आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच कमी पितात आणि दुपारी डोकं धरून बसतात. तो प्रश्न गटानं पहिल्या दिवशी मोकळेपणानं सोडवायचा. ज्याला थांबायचं आहे त्यानं सॅक वाटेच्या कडेला दिसेल अशी ठेवून आडबाजूला जावं. सॅक दिसली की बॅकलीडनं तिथेच उभं राहायचं. कुणाला हाका माराव्या लागत नाहीत आणि कुणी मागे सुटत नाही.

चालताना माणूस चिडला, गप्प झाला, रडवेला झाला तर स्वभावाचा विचार नंतर करावा. आधी त्याला खायला द्यावं, कपडे पाहावेत. थंडी-पावसात तर हे फार महत्त्वाचं आहे. पाय अडखळणं, बोटांनी बक्कल न लागणं, जीभ जड होणं आणि विनाकारण कुरकुर, ही शरीराचं तापमान उतरत असल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी “नेट लाव” म्हणणं घातक ठरू शकतं. ओले कपडे बदलून, वाऱ्यापासून आडोशाला नेऊन, गरम आणि गोड काही द्यायचं. ओला सुती कपडा अंगाची ऊब टिकवत नाही, हेही लक्षात असू द्या. कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्तावला तर ते बरं वाटण्याचं नव्हे, बिघडल्याचं लक्षण आहे. तिथून पुढे मदत मागवावी लागते. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला सहा फुंकरा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन फुंकरांचं असतं.

सॅकच्या वजनाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि आम्हाला वाटतं तुमच्या वेगाचं अर्धं उत्तर तिथे आहे. सर्वसाधारण ठोकताळा असा की लांबच्या चालीत पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावं. तुमच्यासाठी ते ११ किलो. आता भरून पाहा: रिकामी सॅक १.८, स्लीपिंग बॅग १.२, मॅट ०.४, कपडे २, किरकोळ १, पाणी दोन लिटर म्हणजे २. झाले ८.४ किलो. तंबू, स्टोव्ह, इंधन अजून आलेलंच नाही. दिवसाला ६५० ग्रॅम कोरडं अन्न धरलं तर तुमचं एकटीचं आठ दिवसांचं ५.२ किलो होतं. बेरीज १३.६. तुमच्या गटातल्या ८० किलोच्या माणसाला हेच ओझं त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याहून थोडं जास्त, तुम्हाला जवळजवळ चौथा हिस्सा. “प्रत्येकानं सारखं उचलायचं” हा न्याय वाटतो, पण तो नाही. सामाईक सामानाची वाटणी डोक्यागणिक न करता शरीराच्या वजनाच्या प्रमाणात करा, आणि अंदाजानं नको, लटकवायच्या वजनकाट्यावर.

यात एक बारकावा आहे जो पहिल्याच मोहिमेत कळत नाही. अन्न रोज कमी होतं, तंबू कमी होत नाही. सात जणांचं रोज साडेचार किलो अन्न संपतं. ज्याच्या सॅकमध्ये ते आहे त्याची पाठ तिसऱ्या दिवशी मोकळी होते, आणि तंबूवाला आठव्या दिवसापर्यंत तेवढंच वाहतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांचं सगळ्यांचं जेवण ज्यांना हलकं व्हायची गरज आहे त्यांच्या सॅकमधून काढायचं आणि रोज सकाळी पाच मिनिटं सामाईक सामान पुन्हा वाटायचं.

इथे तुम्हाला संकोच वाटेल. आपलं सामान दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचं म्हणजे हार, असं वाटणं साहजिक आहे. पण सकाळी सात वाजता काट्यावर वजन करून दोन किलो दुसऱ्याकडे देणं ही योजना आहे. तेच न देता दुपारी चार वाजता तुमची अख्खी सॅक कुणाला तरी उचलावी लागली तर ती सुटका ठरते, आणि तिचा भार त्या माणसाच्या गुडघ्यांवर पडतो. सकाळी द्या.

आणि त्या दोन किलोंची भरपाई मुक्कामावर सगळ्यांची भांडी घासून करू नका. मागे राहणारी माणसं हे हमखास करतात. दिवसभराच्या अपराधी भावनेपोटी पाणी आणायला तीच धावतात, चूलही तीच पेटवतात, सगळ्यांत शेवटी झोपतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागे पडतात. मुक्कामाची कामं नाव लावून वाटलेली हवीत. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यानं दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, ते १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. नाव नसलेल्या कामाचं असंच होतं: एक तर ते कुणी करत नाही, नाहीतर संकोची माणूस एकटा करतो. पाणी दोघं, तंबू दोघं, स्वयंपाक दोघं, आणि सातव्यानं उद्याची वाट नकाशावर पाहायची. रोज पाळी बदलायची.

तुम्ही स्वतःसाठी दिवसाचं एक काम मागून घ्या: वेळेचं आणि नकाशाचं. दुसऱ्या क्रमांकावरून ते चांगलं जमतं. दर तासाला वेळ, ठिकाण, किती चाललो, किती राहिलं, हे छोट्या वहीत लिहायचं आणि थांब्यावर मोठ्यानं सांगायचं. “दुपारी बारापर्यंत खिंडीत पोचलो नाही तर खालच्या जवळच्या पाण्यावर मुक्काम” अशी परतीची किंवा थांबण्याची वेळ सकाळीच ठरवलेली असते. ती आठवण करून देणं सर्वांत अवघड, कारण तेव्हा सगळ्यांना पुढे जायचं असतं. हे काम करणाऱ्या माणसाची गटाला खरी गरज असते, आणि आपली गरज आहे हे कळलेला माणूस वेगळ्या पावलांनी चालतो.

आता सराव. दहा आठवड्यांत ताशी चारचे पाच होणार नाहीत, आणि तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. वाढेल ती टिकण्याची ताकद. पहिल्या तासाला जी चाल आहे ती सहाव्या तासाला राहील, आणि आठ दिवसांच्या वाटेवर तेच मोलाचं. तीन दिवसांची तासाभराची चाल चालू ठेवा. त्यातला एक दिवस भार घेऊन जिने चढण्या-उतरण्याचा करा, २० मिनिटांपासून सुरू करून ४५ पर्यंत. आठवड्यातून एक लांब चाल, सुरुवात दहा किलोमीटर आणि चार किलो भारानं. अंतर किंवा भार, एका आठवड्यात एकच वाढवा, तोही थोडाथोडाच. दर चौथा आठवडा हलका. सातव्या आठवड्यात सलग दोन दिवस चाला, पहिल्या दिवशी १५ आणि दुसऱ्या दिवशी १२-१३ किलोमीटर, कारण दुखऱ्या पायांनी सकाळी उठून पुन्हा बूट चढवणं हा वेगळाच सराव आहे. शेवटच्या आठवड्यात फक्त सैल फिरणं.

चढाची भीती सगळ्यांना असते, मांड्या मात्र उतार मोडतो. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या दुखून येतात. एकदा उताराचा सराव झाला की पुढच्या वेळी त्रास बराच कमी होतो, म्हणून तो आधी करून ठेवायचा. वीतभर उंच पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर, प्रत्येक पायाला बारा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. उतरताना पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला. काठ्या वापरत असाल तर सपाटीला कोपर काटकोनात राहील एवढी लांबी, उतारावर पाच-दहा सेंटिमीटर जास्त. घसाऱ्यावर दोन माणसांत अंतर ठेवा. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागतो.

मैत्रिणीशी बोलायचं ते या आठवड्यातच, दोघींनीच बसून, चालताना नाही. तिची काळजीही खरी आहे. अंधार पडायच्या आत सात जणांना मुक्कामी पोचवायची जबाबदारी तिच्यावर आहे आणि मागे कोण कुठे आहे हे न दिसणं लीडला घाबरवतं. घाबरलेला माणूस चारचौघांत टाकून बोलतो. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली गटाच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले होते: जमणं, खटकणं, घडी बसणं, कामाला लागणं. खटकण्याचा टप्पा बहुतेक गटांना चुकत नाही. तुमच्या गटात तो सरावाच्या रविवारी आला हे चांगलंच झालं, अजून अडीच महिने हातात आहेत.

म्हणून “तू मला सगळ्यांसमोर बोललीस” इथून सुरुवात करू नका. ते वाक्य खरं आहे आणि ते बोलायचंही आहे, पण नंतर. आधी असं म्हणता येईल: “अगं, रविवारी माझी टाच दुपारीच चुरचुरत होती, मी सांगितलं नाही, ते चुकलं. पुढच्या वेळी लगेच सांगेन. मला तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. मी तुझ्या मागे दुसरी चालेन. माझी सॅक खाली टेकल्यावर दहा मिनिटं मोज. आणि सामान काट्यावर वाटू या. एक दिवस असं करून बघू आणि वेळ लिहून काढू. आणि हो, माझ्याबद्दल काही असेल तर मला बाजूला घेऊन सांग, सगळ्यांसमोर ऐकलं की पाय आणखी जड होतात.”

तिला किंवा इतरांना हे मान्य नसेल, त्यांना त्यांच्याच वेगानं जायचं असेल, तर तेही चूक नाही, फक्त ते आधी कळायला हवं. तेव्हा दोन तुकड्या करता येतात: एक चारांची, एक तिघांची. सावकाश तुकडीनं सकाळी अर्धा-पाऊण तास आधी निघायचं, म्हणजे मुक्कामाला सगळे बरोबरच पोचतात. सावकाश तुकडी चारांचीच ठेवा. कुणी जखमी झालं तर एक जण त्याच्याजवळ बसतो आणि दोघं मदतीला जातात. नकाशा, प्रथमोपचार, पाणी शुद्ध करायचं साधन आणि वाट माहीत असलेला माणूस दोन्हीकडे हवा. हेही नको आणि थांबायचंही नको असं उत्तर आलं, तर मात्र या गटाबरोबर आठ दिवस निर्जन वाटेवर जाऊ नका. तेव्हा नाव काढून घेणं हा तुमच्या कुवतीवरचा शेरा नसेल.

तुमच्या स्वतःच्या तयारीचा निकाल निघायच्या तीन आठवडे आधी लावा. सातव्या आठवड्यातली ती सलग दोन दिवसांची चाल १० किलो भार घेऊन करा. तिसऱ्या सकाळी मांड्या-पोटऱ्या दुखत असतील तर हरकत नाही, ते उतरतं. पण गुडघा, घोटा किंवा पाऊल अशा एका जागी टोचतंय आणि त्यामुळे चाल बदलतेय, तर डॉक्टरांना दाखवा आणि ते काय म्हणतात त्यावर ठरवा.

टाचेचं आत्ताचं: जखम रोज स्वच्छ पाण्यानं धुऊन न चिकटणारी पट्टी बांधा, घरात मागून उघडी चप्पल घाला. नवी कातडी येऊन ती दाबल्यावर दुखेनाशी होईपर्यंत ते बूट घालू नका. मागून उघड्या सँडलमध्ये सपाटीवर अर्धा तास चाललात तर चालेल. बूट पुन्हा घालाल तेव्हा पट्टी टाच चुरचुरायच्या आधीच, घरून निघतानाच लावलेली असू द्या, आणि पहिल्या थांब्याला बूट काढून ती जागेवर आहे ना, बघा.